आगीच्या हॉटेलातली पंगत

आमच्या हॉटेलाच्या पाटीवर ‘हामाबे’ असं लिहिलेलं आहे. जपानीत हामाबे म्हणजे समुद्रकाठ. ती पाटी मी उन्हात उभी राहून रंगवून घेतली, अक्षरं पुन्हा पुन्हा पुसायला लावली आणि पेंटर जाताना माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. एवढं करून, हरिहरेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरून ‘हामाबे कुठे आहे हो?’ असं विचारलंत तर समोरचा डोकं खाजवत बसेल. ‘आगीचं हॉटेल’ म्हणा, कुणीही दारापर्यंत आणून सोडेल. हे नाव पडलं ते येसाजीकाकांमुळे, आणि मला त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

आधी माझं थोडक्यात उरकते. मी निवेदिता. पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवलं, कंपन्यांमध्ये दुभाष्याचं काम केलं, त्या निमित्ताने जपानला जाऊन येऊन राहिले आणि तिथलं जेवण रांधायला शिकले. माझा नवरा माधव बँकेतून लवकर मोकळा झाला आणि म्हणाला, चल, वाडीवर जाऊन राहू. वाडी म्हणजे त्याच्या आजोबांनी लावलेले नारळ आणि सुपाऱ्या. मी म्हटलं, राहू की, पण मोदक आणि सोलकढीचं घरगुती जेवण मी विकणार नाही, ते इथे घरटी मिळतं. मला जे येतं ते विकेन. माधवने माझ्याशी वाद घालणं केव्हाच सोडलंय, त्यामुळे वाडीच्या तोंडाशी, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे जपानी हॉटेल उभं राहिलं.

एका बाजूला सुशी, ते काम माझं. भात, काकडी, मासा, मोसमात आंबा, सगळं समुद्री शेवाळाच्या काळ्या पानात घट्ट गुंडाळायचं आणि कापायचं. अळूवडीचा उंडा बांधता येणाऱ्या बाईला ते काही अवघड नाही. दुसऱ्या बाजूला हिबाची, म्हणजे हा एवढा मोठा लोखंडी तवा. गिऱ्हाइकं त्याच्या तिन्ही बाजूंनी बसतात, चौथ्या बाजूला आचारी उभा राहून त्यांच्या डोळ्यांदेखत रांधतो आणि गरमागरम वाढतो. खरं म्हणजे जपानात हिबाची म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, ह्या तव्याला तिथे वेगळं नाव आहे. सुरुवातीला हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत होते. शेवटी माधवने हात जोडले, तेव्हा थांबले.

तव्यावरचा पहिला आचारी नवी मुंबईचा एक तरुण होता. कोळंबी हवेत उडवून टोपीत झेलायचा, अंडं उलथन्यावर नाचवायचा. पोरं खूश असायची. पण इथे त्याला करमेना. गणपतीला घरी गेला तो परत आलाच नाही. दिवाळीची गर्दी तोंडावर आली आणि आमचा तवा थंडगार.

तेव्हा माधव म्हणाला, तळा तालुक्यातल्या एका लग्नात मी एक आचारी पाहिलाय, त्याला बोलावू. मी उसळलेच. म्हटलं, लग्नातला आचारी घेऊन काय करू? इथे लोकांच्या पुढ्यात उभं राहून रांधायचं असतं. तर म्हणे, तो माणूस अख्ख्या वऱ्हाडाच्या पुढ्यात उभा राहून रांधत होता आणि वऱ्हाड पोट धरून हसत होतं.

येसाजीकाका आले ते डोक्याला पांढरा रुमाल बांधून, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेला हातभर लांब झारा घेऊन. साठी गाठलेला किडकिडीत माणूस, पण आवाज असा की नारळाच्या झाडावरचा गडी वाकून बघेल. तळ्याच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव. भातशेती घरापुरती, बाकी सगळा जन्म लग्नाच्या चुलाणावर. त्यांचे वडीलही आचारीच होते. पण आता गावोगाव बफे आला, झाकणाची चकचकीत भांडी आली, आणि चुलाणावरच्या आचाऱ्याला कोण विचारतो? रंगूकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गावात गुरं आणि शेत सांभाळायला ठेवून ते आमच्याकडे आले. दर गुरुवारी घरी जायचे.

वर्षाचं एक काम मात्र त्यांचं ठरलेलं होतं. गावच्या वाघजाईचा चैत्री पुनवेचा भंडारा. शिमगा झाला की गावकी बसायची, म्हणजे गावातल्या मोठ्या माणसांची बैठक. मग गावकीचा प्रमुख विड्याच्या पानावर अख्खी सुपारी ठेवून आचाऱ्याच्या दारात यायचा. ती सुपारी हातात घेतली की भंडाऱ्याचा आचारी ठरला. वडिलांना ती यायची, मग येसाजीकाकांना यायला लागली, आणि एकही वर्ष चुकली नव्हती. आमच्याकडे आल्या आल्या त्यांनी सांगून ठेवलं होतं, चैत्री पुनवेला मला तुमच्या बापाचं लग्न असलं तरी थांबवू नका. असं तोंडावर म्हणाले. मला माणूस आवडला.

पहिल्या दिवशी चपला बाहेर काढल्या, तव्याला हात लावून नमस्कार केला आणि भाताची पहिली चिमूट खालच्या जाळात टाकली. मी ओरडले की बर्नर तुंबेल. ते शांतपणे म्हणाले, अग्नीला घास न्हाय दिला तर तो आपल्याला देईल काय? यावर मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्या घरात मोठी बातमी असते.

खरं भांडण झालं ते अन्न उडवण्यावरून. हिबाचीवर लोक येतात ते निम्मे तमाशा बघायला. मी त्यांना मोबाइलवर दाखवलं, कोळंबी कशी उडवायची, अंडं कसं झेलायचं. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, अन्न उडवायचं न्हाय. मी म्हटलं, खाली पडत नाही काका, सराव केला की जमतं. तर म्हणे, सराव करताना पडंल त्याचं काय? दोन दिवस मी नुसती भांडी आपटत होते. माधव वाडीत जाऊन बसायचा.

मग डोंबिवलीचं एक कुटुंब आलं, आणि त्यातल्या पोराने भोकाड पसरलं, की इथे जादू करतात म्हणाला होतात, कुठाय जादू? येसाजीकाकांनी त्याच्याकडे बघितलं, दोन्ही हातांत दोन उलथनी घेतली आणि तव्याच्या कडेवर ठेका धरला. बाल्या नाचाचा ठेका. तरुणपणी ते गावच्या नाचात ढोलकी वाजवायचे हे मला तोपर्यंत कुठे ठाऊक होतं! भात परतताहेत आणि ठेका चालू, कोबी चिरताहेत आणि ठेका चालू. पोराचं रडं थांबलं, त्याचा बाप ताटावर बोटं वाजवायला लागला. मग काकांनी कांद्याच्या चकत्या एकावर एक रचल्या, मधल्या भोकात तेल सोडलं, जाळ दाखवला, आणि ज्वाळा वर उठली तसे ओरडले, “होळी रे होळी!” सगळं हॉटेल बोंबललं. तेव्हापासून आम्ही आगीचं हॉटेल.

त्यांची दुसरी खोड म्हणजे आग्रह. रिकामं ताट त्यांना बघवतच नाही. एकदा रोह्याकडच्या कारखान्यातले एक जपानी साहेब आले. त्यांच्याकडे ताटात टाकणं वाईट, म्हणून ते बिचारे वाढलेलं सगळं संपवायचे. काकांकडे ताट रिकामं राहणं वाईट, म्हणून संपलं की काका पुन्हा वाढायचे. दोघंही फार सज्जन. मी सुशीच्या बाजूने येऊन बघते तर साहेबांच्या कपाळावर घाम, आणि काका हसतमुखाने झारा उचलताहेत. मी धावत जाऊन साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं की देवासाठी थोडं ताटात ठेवा. त्यांनी ठेवलं. आणि मग काकांचा चेहरा पडला, त्यांना आवडलं न्हाय काय हो ताई?

तर असं सगळं मजेत चाललं होतं. हिवाळा गर्दीत गेला. शिमग्याला काका गावी जाऊन, पालखी नाचवून, आवाज बसवून आले. आल्यावर झारा चिंचेने घासून लख्ख केला आणि खुंटीला टांगला. आता सुपारी येणार म्हणून दर गुरुवारी नवी टोपी घालून घरी जायचे आणि शुक्रवारी तसेच परत यायचे. पाडवा आला तरी सुपारी आली नाही.

घोळ झाला होता तो एका व्हिडिओमुळे. त्यांच्या गावचा साहिल, मुंबईत नोकरी करणारा मुलगा, मित्रांना घेऊन आमच्याकडे जेवून गेला. येसाजीकाकांचा ठेका त्याने मोबाइलवर घेतला, वर माझ्या हातची सुशीची थाळी त्यांच्या हातात देऊन त्यांना हसायला लावलं, आणि कौतुकाने गावच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘आपला येसाजीकाका जपानी शेफ! कच्चा मासा स्पेशल!’ पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गावकीत बोलणं निघालं. सुकट खाणारी, खेकडे फोडणारी माणसं ती, मासळीचं त्यांना वावडं नाही. पण कच्चं? कच्चं माणूस खातो का? जे हात असलं काही करतात ते वाघजाईच्या टोपाला कसे लावायचे? आणि ठरलं की यंदा श्रीवर्धनच्या हितेश केटररला सांगायचं. बफे करायचा.

हे मला काकांनी नाही सांगितलं, रंगूकाकूंचा फोन आला. पाणवठ्यावर बायका मुद्दाम विचारतात म्हणाल्या, औंदा तुमच्याकडं सुपारी न्हाय आली?

माझं डोकंच फिरलं. कच्चा मासा येसाजीकाकांनी कधी चिरला नव्हता! ते काम माझं, माझ्या वेगळ्या ओट्यावर, माझ्या वेगळ्या सुरीने. मी म्हटलं, काका, त्या प्रमुखाचा नंबर द्या, आत्ताच्या आत्ता सांगते की ती थाळी माझी होती. काकांनी नंबर दिला नाही. तवा पुसत राहिले. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, “मी न्हाय केलं असं सांगितलं, म्हंजे तुम्ही केलं ते वाईट, असं झालं ना ताई? ज्या घरचं मीठ खातो त्या घरच्या हाताला मी वाईट म्हणू?”

मी उठून मागच्या वाडीत गेले आणि रडले. रागाने रडले, मायेनेही रडले. माझ्यासाठी म्हणून त्या माणसाने आपली सुपारी सोडून दिली होती आणि वर तोंडातून ब्र काढत नव्हता. ठेका मात्र त्या दिवसापासून बंद झाला. पोरं मागायची, तेव्हा हात दुखतो म्हणायचे.

पाडव्यानंतरच्या रविवारी दुपारची एक मोठी बुकिंग होती, लहान मुलीचा वाढदिवस. फोन कुणा तेजस्वीने केला होता. गाडीतून उतरलं ते भरगच्च कुटुंब. पुढे फुग्याएवढ्या उत्साहाची एक मुलगी, आरोही, आणि तिने हाताला धरून ओढत आणलेले एक उंचेपुरे आजोबा. पांढरं धोतर, काळी टोपी, चेहरा असा की वाढदिवसाला नव्हे, पंचनाम्याला आलेत. तव्यामागे उभ्या असलेल्या येसाजीकाकांचा हात जागीच थांबला. हळूच मला म्हणाले, भागोजी हाय. गावकीचा प्रमुख भागोजी. दोघं एकाच शाळेत मार खाल्लेले. नाचात येसाजी ढोलकीवर आणि भागोजी गाण्यावर असायचा.

हात धुवायच्या नळाशी तेजस्वीने, म्हणजे भागोजींच्या सुनेने, मला सगळं सांगून टाकलं. आरोहीने साहिलचा तो व्हिडिओ बघून बघून घर डोक्यावर घेतलं होतं, वाढदिवस करीन तर त्या आजोबांच्या तव्यावरच. भागोजींचा जीव नातीत अडकलेला, त्यामुळे आले. पण इथल्या अन्नाला शिवणार नाही असं बजावून आले. आणि आणखी एक गोष्ट ती खालच्या आवाजात म्हणाली. सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात वाघजाईची सुपारी आहे. परत जाताना श्रीवर्धनला थांबून ती हितेश केटररच्या हातावर ठेवायची आहे.

मला वाटलं, सरळ जाऊन त्या बंडीचा खिसाच उलटा करावा. पण काही बोलायचं नाही अशी काकांनी शपथ घातली होती. मी दात-ओठ खात माझ्या सुशीच्या ओट्यामागे जाऊन उभी राहिले.

भागोजी बाहेर झोपाळ्यावर बसतो म्हणाले. आरोहीने ऐकलं नाही. तव्यासमोरच्या मधल्या, मानाच्या जागेवर त्यांना बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. ते काकांकडे न बघता म्हणाले, मी आपलं पाणीच पिणार. काका म्हणाले, बरं. एवढंच दोघांचं बोलणं.

मग आरोही म्हणाली, आजोबा, वाजवा ना. काकांनी हात दुखतो म्हणायला तोंड उघडलं, पण पोरीचा वाढदिवस होता. उलथनी उचलली. सुरुवातीला हात जड होता. मग भाताची वाफ चढली, कोळंबी चरचरली आणि ठेका लागला. मी भागोजींकडेच बघत होते. चेहरा तसाच दगडी, पण फळीवर ठेवलेल्या उजव्या हाताचं एक बोट हलायला लागलं होतं. त्यांच्या लक्षात आलं तसं त्यांनी तो हात मांडीखाली घेतला. कांद्याची होळी झाली, पोरं किंचाळली. काकांनी सगळ्यांच्या ताटांत वाढलं. भात, भाज्या, कोळंबी, वर तीळ. भागोजींच्या ताटात काही वाढलं नाही. पाण्याचा तांब्या तेवढा सरकवला.

आणि मग कुणीच खाईना.

मला आधी कळलंच नाही. ताटांतून वाफा निघताहेत, पोरांच्या जिभा बाहेर, आणि सगळी टोळी हात मांडीवर ठेवून बसलेली. आरोहीने चमचा उचलला तर तेजस्वीने तिचं मनगट धरलं आणि डोळ्यांनीच आजोबांकडे दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते सगळे पंगतीला बसले होते! बाक असो की तवा असो, शेजारी शेजारी बसून एकाच्या हातचं वाढून घेतलं की ती पंगत, आणि पंगतीत थोरल्याने घास घेतल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. हा नियम त्या गावात कुणी इतका कडक ठेवला होता? भागोजींनीच. भंडाऱ्यात आधी खाणाऱ्या पोराला ते मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतात. आता तेच मानाच्या जागेवर बसलेले, आणि त्यांच्या पुढचं ताट रिकामं.

हे त्यांच्याही लक्षात आलं. घसा खाकरून म्हणाले, जेवा रे पोरांनो. कुणी हललं नाही. आरोही म्हणाली, “तुम्ही आधी. तुम्हीच सांगता ना?”

मी माझ्या ओट्यामागे हसू दाबून उभी होते. भागोजी इकडे बघतात, तिकडे बघतात, पाण्याचा घोट घेतात. पाण्याच्या घोटाने पंगत सुरू होत नाही. शेवटी चिडून येसाजीकाकांवरच घसरले.

“मला का न्हाय वाढलंस?”

“तू पाणी म्हणालास.”

“पंगतीत बसलेल्या माणसाला पाण्यावर ठेवतात काय रे? आचारी हायस ना तू?”

येसाजीकाकांनी उलथनं खाली ठेवलं. दोन्ही तळवे उघडे करून त्यांच्यापुढे धरले. चटक्यांचे डाग, जुना एक कापल्याचा वण. आवाज एकदम लहान झाला होता.

“हेच हात हायत, भागोजी. दुसरे न्हाईत माझ्याकडं. वाढू?”

भागोजींनी त्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी ताट पुढे सरकवलं. काकांनी वाढलं. भागोजींनी डोळे मिटले, वाघजाईच्या नावानं चांगभलं म्हणाले, आणि पहिला घास घेतला. त्याबरोबर पोरं अशी तुटून पडली की पुढचा थोडा वेळ नुसता चमच्यांचा आवाज.

भागोजी चावत राहिले. मग म्हणाले, मीठ कमी हाय. काका म्हणाले, मुद्दाम कमी घातलंय, तुला बीपी हाय ना, रंगू सांगत होती. भागोजींचं ताट रिकामं झालं. काकांनी पुन्हा वाढलं. ते संपलं, पुन्हा वाढलं. जपानी साहेबासारखा भागोजींना पण घाम फुटला, पण मी सोडवायला मुळीच गेले नाही. म्हटलं, खा आता.

केक कापून झाला, पोरं झोपाळ्यावर पळाली. काका तवा खरवडत होते. भागोजी हात धुऊन आले, पण निघेनात. मग बंडीच्या खिशात हात घालून त्यांनी ती अख्खी सुपारी काढली. पान नव्हतं जवळ, ते गाडीत राहिलं होतं. त्यांनी सुपारी तशीच तव्याच्या कडेच्या लाकडी फळीवर, येसाजीकाकांच्या पुढ्यात ठेवली.

काकांनी लगेच उचलली नाही. “गावकीला काय सांगशील?” म्हणाले.

“सांगीन, मी जेवलो,” भागोजी म्हणाले. आणि दाराकडे जाता जाता वळून म्हणाले, ती उलथनी पण घेऊन ये, नायतर ही पोरगी मला जगू द्यायची न्हाय.

येसाजीकाकांनी सुपारी कपाळाला लावली. मग रुमालाच्या टोकात बांधली, गाठ मारली, ती गाठ पुन्हा सोडून सुपारी बघितली आणि पुन्हा बांधली. मी धावत वाडीत जाऊन विड्याचं पान तोडून आणलं. माधवला ओरडून ओरडून बोलावलं. तो काही पेटलं की काय म्हणून पाण्याची बादली घेऊन आला.

चैत्री पुनवेला आम्ही हॉटेलाला कुलूप लावलं आणि गावाला गेलो. मांडवामागे चुलाणं धडधडत होती, टोपात भात रटरटत होता, वालाच्या बिरड्याचा वास पार रस्त्यापर्यंत आला होता, आणि येसाजीकाका झारा घेऊन राजासारखे उभे होते. बफेची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. आरोहीने उलथनी ताब्यात घेऊन एका पालथ्या टोपावर ठेका धरला होता. मी रंगूकाकू आणि तेजस्वीच्या मध्ये पंगतीला बसले. सकाळी न खाताच निघालो होतो, पान वाढून झालं तसा माझा हात आपोआप भाताकडे गेला. आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून गर्जना झाली, “हामाबेवाल्या ताई, थांबा!” अख्खी पंगत हसली. माधव तर जरा जास्तच हसला. मला कुणी ओरडलेलं त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि हामाबे हे नाव बरोब्बर घेणारा त्या मुलखातला पहिला माणूस तो भागोजी निघाला, त्यामुळे मला रागही येईना.

आचारी शेवटी जेवतो. सगळ्या पंगती उठल्यावर, टोपाच्या शेजारी बसून, बहुधा एकटाच. ऊन कलायला आलं तेव्हा येसाजीकाका पान मांडून बसले. भागोजी भाताची परात घेऊन स्वतः त्यांच्यापुढे आले आणि वाकून म्हणाले, “वाढू?”

येसाजीकाकांनी पानावर आडवा हात धरला. चेहरा एकदम गंभीर. “नको,” म्हणाले. “मी आपलं पाणीच पितो.”

रंगूकाकू हसून हसून तिथेच खाली बसल्या. भागोजींनी काकांचा हात धरून बाजूला केला, पानावर भाताचा हा एवढा ढीग घातला, परात खाली ठेवली आणि समोर मांडी घालून बसले.

“जेव आता,” म्हणाले. “तू उठल्याबिगर मी न्हाय उठत.”